धसका : विंचवाची नांगी, जपानी मडके आणि काळजाचा वरचा कप्पा

जळगावहून धुळ्याला जाताना एरंडोल मागे पडले की पारोळा लागतो. गावात खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला आहे. तो १७२७ साली नेवाळकर घराण्यातल्या हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला. याच घराण्याने पुढे झाशीची सुभेदारी केली, आणि राणी लक्ष्मीबाईंचे पती गंगाधरराव याच घराण्यातले. या दांपत्याचे तान्हे मूल जेमतेम चार महिन्यांचे होऊन गेले. पुढे २० नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधररावांनी पारोळ्याच्या शाखेतल्या वासुदेवरावांचा पाच वर्षांचा मुलगा आनंदराव दत्तक घेतला, आणि दुसऱ्याच दिवशी ते गेले. ही हकिगत सांगणारा बहुतेक वेळा शेवटी एक वाक्य जोडतो : पोराची हाय खाल्ली त्यांनी.

त्यांचे शेवटचे दुखणे संग्रहणीचे होते, म्हणजे पोटाचे. पानिपतानंतर पाच महिन्यांनी, २३ जून १७६१ रोजी, पर्वतीवर नानासाहेब पेशव्यांनी देह ठेवला, तेव्हाही महाराष्ट्राने हेच म्हटले. नानासाहेबांची तब्येत पानिपताच्या आधीपासून ढासळलेली होती. दीडशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या छातीला आज नळी लावता येत नाही, त्यामुळे या मृत्यूंचे निदान करायला बसणे बरोबर नाही. पण लोकांनी कारण म्हणून जे सांगितले ते टाकून देण्यासारखे नव्हते. हाय खाणे, धसका घेणे, छातीत धस्स होणे, काळीज फाटणे : मनाला बसलेला धक्का थेट छातीत उतरतो हे मराठी माणसाने इतक्या शब्दांत सांगून ठेवले आहे. वैद्यकाने मात्र हे सारे बराच काळ बोलण्याची रीत म्हणूनच ऐकले. धसक्याने हृदय खरोखरच बंद पडू शकते, ते यंत्रावर दिसते, मोजता येते आणि बहुतेकदा भरूनही येते, हे सिद्ध व्हायला विसाव्या शतकाची शेवटची वीस वर्षे उजाडावी लागली. त्या कथेचा एक धागा कोकणातला आहे, दुसरा जपानच्या किनाऱ्यावरचा.

कोकणातला धागा आधी. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरहून एम.बी.बी.एस. होऊन १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. आजच्या रायगड जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. तिथे रात्री-अपरात्री विंचू चावलेली माणसे यायची, त्यात लहान मुले पुष्कळ. हा लाल विंचू. पेंढ्यात, लाकडाच्या ढिगात, चपलेत दडून बसणारा. चावल्यावर पोर ओकायचे, घामाने न्हाऊन निघायचे, हातपाय बर्फासारखे गार पडायचे. काही तासांनी धाप लागायची, तोंडातून गुलाबी फेस यायचा आणि पहाटेच्या आत सारे संपायचे. गंभीर रुग्णांत शंभरातले तीस-चाळीस दगावत. उपचार म्हणून वेदनाशामक, स्टेरॉइड, अ‍ॅलर्जीवरची इंजेक्शने असे जे हाताशी असेल ते दिले जाई. मृत्यू विषाने होतो एवढेच सारे धरून चालत.

बावस्करांनी वेगळी गोष्ट केली. ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, हातापायांचा गारवा, घाम, उलट्या, छातीत भरणारे पाणी यांची तासातासाला नोंद ठेवत गेले. त्या नोंदींतून एक क्रम दिसू लागला : आधी रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, मग थकलेले हृदय मान टाकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. म्हणजे जीव घेते ते हृदय. विंचवाचे विष मज्जातंतूंची दारे उघडीच ठेवते आणि शरीरात अ‍ॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. भीतीच्या क्षणी शरीर जे थेंबाथेंबाने सोडते, तेच इथे धरण फुटल्यासारखे येते. १९८२ साली ‘लॅन्सेट’ने त्यांची निरीक्षणे छापली. एका आरोग्य केंद्राच्या खाटेशेजारी बसून केलेल्या नोंदी लंडनच्या त्या पत्रिकेत आल्या, ही गोष्ट आजही अंगावर काटा आणते.

पुढे पुण्यात एम.डी. करून ते महाडला परतले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणे हाच उपाय असणार, हे त्यांच्या ध्यानात आले होते. नायट्रोप्रुसाइडच्या सलाइनने रुग्ण वाचत, पण त्याला क्षणाक्षणाचा पहारा लागतो आणि तो खेड्यात परवडत नाही. मग त्यांनी प्राझोसिन वापरून पाहिले. रक्तदाबाची ही साधी गोळी, काही रुपयांत मिळणारी, पाण्याबरोबर गिळायची. तिच्यावरचा लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. गोळी वेळेत मिळू लागली तसे मृत्यूचे प्रमाण शंभरात चारच्या खाली आले. २०११ मध्ये बावस्कर पती-पत्नींनी प्राझोसिनच्या जोडीला विंचवाच्या विषावरचे प्रतिविष देऊन केलेली चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापली, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या साऱ्यात एक बाब ठळकपणे नोंदवायला हवी. विंचवाच्या लोंढ्यातून जे वाचले त्यांचे हृदय काही दिवसांत पूर्ववत होई. ते मेलेले नव्हते, सुन्न झाले होते.

आता दुसरा धागा. १९८३ साल. हिरोशिमाच्या शहर रुग्णालयात ६४ वर्षांची एक बाई छातीतल्या कळांनी दाखल झाली. ईसीजी हृदयविकाराच्या झटक्याचाच. डॉ. हिकारू सातो आणि सहकाऱ्यांनी हृदयाच्या रोहिण्या तपासल्या तर त्या साफ, कुठेही अडथळा नाही. पण डाव्या निलयाचे, म्हणजे हृदयाच्या खालच्या मोठ्या कप्प्याचे, चित्र विलक्षण होते : तळ फुग्यासारखा फुगलेला आणि ढिम्म, मान मात्र आवळून आकुंचन पावणारी. दोन आठवड्यांनी पाहिले तर सारे पूर्ववत.

असे आणखी रुग्ण सापडत गेले. या आकाराला नाव काय द्यायचे? हिरोशिमाच्या आसपासचे कोळी ऑक्टोपस धरायला मातीचे मडके वापरतात. अरुंद गळा, गोल पोट. दोरीला बांधून ते समुद्राच्या तळाशी सोडायचे. बिळाच्या शोधात असलेला ऑक्टोपस आत शिरतो आणि तिथेच बसून राहतो. जपानीत ऑक्टोपस म्हणजे ‘ताको’, मडके म्हणजे ‘त्सुबो’. १९९० साली सातोंनी एका जपानी ग्रंथात ‘ताकोत्सुबो’ हे नाव वापरले आणि १९९१ मध्ये दोते व सहकाऱ्यांनी पाच रुग्णांचा लेख छापला. दोन्ही लिखाणे जपानीत होती, त्यामुळे बाहेरच्या जगाला या आजाराची दहा वर्षे फारशी गंधवार्ता लागली नाही.

पण त्याच्या आधीच्या खुणा होत्याच. १९८० मध्ये अमेरिकेत सेबेलिन आणि हर्श या दोघांनी मारहाणीत मृत्यू पावलेल्या अशा १५ जणांची हृदये तपासली, ज्यांच्या अंगावरच्या जखमा जीव जाण्याइतक्या नव्हत्या. पंधरापैकी अकरा हृदयांच्या स्नायूंत अ‍ॅड्रेनालिनच्या माऱ्याने होते तशी मोडतोड दिसली. ती माणसे माराने नव्हे, भीतीने गेली होती. ‘काळजाचे पाणी पाणी झाले’ हे शब्द त्या प्रयोगशाळेत कुणाला माहीत असते, तर त्यांना अहवाल लिहिणे सोपे गेले असते.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होऊन गेली होती. पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना किल्लारीच्या परिसरात जमीन हलली आणि लातूर-धाराशिवची गावे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. सरकारी गणतीत सुमारे आठ हजार माणसे दगावली. त्या मदत छावण्यांत छातीत दुखते म्हणून आलेल्या बायांना काय झाले होते, ते कुणीच पाहिले नसणार. ईसीजी यंत्रच तुटपुंजी, तिथे अँजिओग्राफी कुठली? आणि जपानी नाव तर इथे पोहोचलेलेच नव्हते. अकरा वर्षांनी, ऑक्टोबर २००४ मध्ये, जपानच्या निगाता भागात भूकंप झाला तेव्हा तिथले डॉक्टर सावध होते. महिनाभरात त्यांना हा आजार झालेले डझनाहून अधिक रुग्ण सापडले, जवळजवळ साऱ्या स्त्रिया. धरणीकंपाने हृदय फुगते याचा तो पहिला पद्धतशीर पुरावा. किल्लारीची पहाट आठवणाऱ्या वाचकाला तो वाचताना जिवाला चटका लागतोच.

फेब्रुवारी २००५ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातून इलन विटस्टीन आणि सहकाऱ्यांचा लेख आला आणि सारे जग जागे झाले. त्यांचे १९ रुग्ण, पैकी १८ स्त्रिया. कुणाला जवळच्या माणसाच्या मृत्यूची बातमी कळली होती, कुणावर दरोडा पडला होता, कुणाला चार लोकांसमोर बोलायचे होते, आणि एकीला तर नातलगांनी अचानक वाढदिवस साजरा करून चकित केले होते. या रुग्णांच्या रक्तातले अ‍ॅड्रेनालिन आणि त्याची भावंडे झटक्याच्या गंभीर रुग्णांपेक्षाही दोन-तीन पट होती, निरोगी माणसाच्या तुलनेत सात ते चौतीस पट. बिरवाडीत विंचवाने जे केले होते तेच इथे बातमीने केले. नांगी निराळी, लोंढा तोच.

म्हणून प्राझोसिन इथेही चालावे असे वाटेल, पण तसे नाही. विंचवाच्या रुग्णात विष ताजे असते आणि रक्तवाहिन्या आवळत असतात, धसक्याचा रुग्ण दवाखान्यात येतो तोवर लोंढा बराचसा ओसरलेला असतो. नाते कारणाचे आहे, औषधाचे नाही.

२०१५ मध्ये झुरिकच्या पुढाकाराने १,७५० रुग्णांची आंतरराष्ट्रीय नोंदवही छापली गेली, आणि या आजाराला मिळालेल्या ‘तुटलेले हृदय’ या गोड नावातला बराचसा हळवेपणा तिने उतरवला. दर दहांत नऊ स्त्रिया, सरासरी वय साठीच्या पुढे. पण मनाचा धक्का सुमारे २८ टक्क्यांतच होता. ३६ टक्क्यांत धक्का शरीराचा होता, म्हणजे शस्त्रक्रिया, दम्याचा झटका, मोडलेले हाड, मेंदूतला रक्तस्राव. उरलेल्या बऱ्याच जणांत कारण सापडलेच नाही. रुग्णालयात असतानाच शंभरातले चार दगावले. ‘जरा घाबरली, होईल बरी’ असे म्हणून घरी पाठवण्याजोगा हा आजार नाही हे त्या आकड्याने पक्के केले. झटक्यानंतर हमखास दिली जाणारी बीटा-ब्लॉकर औषधे इथे आयुष्य वाढवतात असेही दिसले नाही. निदान अचूक हवे ते यासाठी.

अचूक निदानात मोठा हात आहे एमआरआयचा. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये चुंबकीय क्षेत्रातून चित्र काढण्याची रीत मांडली, तिला पीटर मॅन्सफिल्ड यांनी वेग दिला आणि दोघांना २००३ चे नोबेल मिळाले. हृदयाचे चित्र मात्र सर्वांत अवघड, कारण ते एक क्षण थांबत नाही. त्यावर उपाय म्हणजे छातीला ईसीजीच्या तारा लावून प्रत्येक ठोक्याच्या ठरावीक क्षणी चित्र घेणे, आणि रुग्णाला श्वास धरायला सांगणे. रुग्ण त्या बोगद्यात आडवा असतो, छातीवर पट्ट्याने बांधलेली जड चौकट, कानांवर आवाज अडवणारी टोपणे, मुठीत घाबरल्यास दाबायचा रबरी फुगा. काचेपलीकडून आवाज येतो : श्वास घ्या, सोडा, आता धरून ठेवा. ठक-ठक-ठक सुरू होते. दहा-पंधरा सेकंदांनी पुन्हा आवाज : घ्या श्वास. असे पाऊण तास. आठवड्यापूर्वी नवरा गेलेल्या सत्तरीच्या बाईला हे करायचे असते, याचा विचार तपासणी लिहून देणाऱ्याने करायलाच हवा.

त्या पाऊण तासातून मिळते पुष्कळ. गॅडोलिनियमचे औषध शिरेतून दिले की मेलेला स्नायू पांढरा चमकतो. झटक्यात तो चमकतो, धसक्याच्या हृदयात बहुधा चमकत नाही. तिथे दिसते सूज, पाणी धरलेला पण जिवंत स्नायू. जर्मनीतले इंगो आयटेल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या सात केंद्रांवरचे २५६ रुग्ण गोळा केले तेव्हा मडक्याचा तो जुना आकार सुमारे ८२ टक्क्यांत होता. बाकीच्यांत कप्प्याचा मधला भाग किंवा, क्वचित, वरचा भाग फुगलेला. तिसऱ्या हिश्श्याहून थोड्या जास्त रुग्णांत उजवा निलयही या तडाख्यात सापडला होता. मडके हे या आजाराचे एकच रूप नव्हते.

इतकी वर्षे साऱ्यांची नजर खालच्या कप्प्यावर होती. वरचा कप्पा, अलिंद (जुन्या पाठ्यपुस्तकांतली कर्णिका), दुर्लक्षितच राहिला. त्याची भिंत पातळ, आकार वेडावाकडा. पण त्याचे काम समजून घ्यायला खानदेशातल्या मोटेच्या विहिरीइतका चांगला दाखला नाही. मोटेचे पाणी आधी थारोळ्यात पडते, तिथे साठते आणि मग पाटाने शेतात जाते. डावे अलिंद हेच करते. निलय आकसत असताना फुप्फुसांतून आलेले रक्त ते साठवते. झडप उघडली की रक्त त्यातून वाट काढत आपोआप खाली उतरते. आणि तिसरे काम थारोळ्याला जमत नाही : ठोक्याच्या शेवटी अलिंद स्वतः आकसून उरलेले रक्त जोर लावून खाली ढकलते. साठवण, वाहाळ आणि रेटा.

एमआरआयची हलती चित्रे आधीच काढलेली असतात. संगणक त्यांत अलिंदाची कड पकडतो आणि ठोक्याच्या प्रत्येक टप्प्यावर ती किती ताणली आणि किती आकसली हे मोजतो. त्यासाठी रुग्णाला वेगळे औषध नाही की यंत्रात जादा वेळ नाही. २०१७ मध्ये थॉमस श्टीअरमायर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की धसक्याच्या हृदयात अलिंदही तात्पुरते मंदावते. २०१९ मध्ये सोरेन बाकहाउस यांच्या गटाने दीडशेवर रुग्णांत तिन्ही कामे वेगवेगळी मोजली. आजाराच्या पहिल्या दिवसांत साठवण आणि वाहाळ खालावलेली होती, पण रेटा वाढलेला. खालचा कप्पा ताठर झाला, रक्त आपोआप उतरेना, तेव्हा अलिंदाने अंगावर जादा काम घेतले होते. काही महिन्यांनी पुन्हा पाहिले तर तिन्ही कामे पूर्ववत होत आली होती. ज्यांचे अलिंद या काळात खचलेले होते त्यांचे पुढच्या वर्षांतले भवितव्यही वाईट होते.

घर संकटात असताना वरच्या मजल्यावरचे कुणीतरी मुकाट्याने दुप्पट राबते, आणि त्याचे राबणे कुणी मोजत नाही. धसक्याच्या आजारात अलिंदाने हेच केले होते. निलयाचा जोर किती टक्के, हा एक आकडा पाहून ‘हृदय सुधारले’ म्हणणारा अहवाल म्हणून अपुरा ठरतो. घरी गेल्यावरही महिनोन् महिने दम लागतो, जिना चढवत नाही, असे रुग्ण सांगतात आणि घरचे त्याला मनाचे खेळ समजतात. त्या तक्रारीमागे मोजता येण्यासारखे काही असू शकते हे आता दिसू लागले आहे.

या चाळीस वर्षांत खानदेशात काय बदलले? ओळखण्याची पहिली पायरी म्हणजे अँजिओग्राफी, कारण रोहिण्या साफ आहेत हे दिसल्याशिवाय धसक्याचे नाव घेता येत नाही. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत धुळे होते, आणि बावस्करांचे रायगडही. पुढच्या वर्षी जळगावसह उरलेले जिल्हे आले. आज तीच योजना महात्मा फुले यांच्या नावाने चालते. २०१८ पासून जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्यात भाऊसाहेब हिरे महाविद्यालय त्याच्या कितीतरी आधीपासून. पूर्वी चोपड्याची किंवा साक्रीची म्हातारी छाती धरून बसली की ‘हाय खाऊन गेली’ एवढीच नोंद व्हायची, आणि तीही माणसांच्या बोलण्यात. आता ती कॅथ लॅबच्या, म्हणजे अँजिओग्राफीच्या, टेबलापर्यंत पोहोचू शकते.

एमआरआयची यंत्रेही जिल्ह्यांत आली आहेत, पण त्यांच्यावर रांग असते ती मणक्याची, गुडघ्याची आणि मेंदूची. हृदयासाठी वेगळी आज्ञावली लागते, आणि त्याहून दुर्मीळ म्हणजे ते चित्र वाचणारा माणूस. म्हणून रुग्ण नाशिक-मुंबई-पुण्याकडे पाठवले जातात. तोवर उपयोगी पडते ती जवळची सोनोग्राफी, म्हणजे टू-डी एको. अलिंदाचा ताण त्याच्यावरही मोजता येतो, जरा कमी नेमकेपणाने. मुद्दाम पाहिले तर.

करोनाच्या पहिल्या लाटेत, मार्च-एप्रिल २०२० मध्ये, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी झटक्याची लक्षणे घेऊन आलेल्या रुग्णांत धसक्याचा आजार मोजला. एरवी शंभरात दोनच्या आत असणारे प्रमाण जवळजवळ आठवर गेले होते, आणि त्या रुग्णांना करोना झालेला नव्हता. टाळेबंदी, गेलेली नोकरी, एकटेपण, रोजची मृत्यूची बातमी एवढ्याने ते झाले होते. जळगाव-धुळ्याच्या घरांनीही ते महिने काढले. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचे ते दिवस.

आज अशी रुग्ण टेबलावरून खाली येते, रोहिण्या साफ निघतात आणि बाहेर बाकावर बसलेला मुलगा विचारतो : नसा चांगल्या आहेत, तर मग आईला झालं काय? आता त्याला सांगता येते. त्यासाठी डॉक्टरला मात्र एक गोष्ट विचारावी लागते, जिला केसपेपरवर रकाना नसतो : चार-आठ दिवसांत घरी काय घडलं? मुलाला ते बहुधा माहीत नसते. सुनेला किंवा शेजारणीला असते, आणि ती जिन्याजवळ उभी असते.